गोदाम कुठे टाकायचं? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

गोदामं किती आणि कुठे, हा वितरणातला कायमचा वाद. जास्त टाकली तर भाडं आणि पडून राहिलेला माल डोक्यावर बसतो; कमी टाकली तर ट्रक लांबून येतात, आणि दुकानदार कुणासाठी थांबत नाही. बांधून झाल्यावर चूक उमगून उपयोग नाही, म्हणून आधी संगणकात बांधून बघायचं.

अशी करून बघण्याची सवय पत्त्यांच्या खेळातून आली, असं म्हटलं तरी चालेल. १९४६ मध्ये आजारातून उठलेले गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम पेशन्स, म्हणजे एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव, खेळत होते. डाव लागण्याची शक्यता सूत्राने निघेना. मग शंभर डाव मांडून किती लागले तेच मोजलं तर? ही युक्ती आधी अण्वस्त्रांच्या गणितात गेली आणि माँटे कार्लो या नावाने ओळखली जाऊ लागली.

व्यापारात ती वृत्ती पोचायला फार वेळ लागला नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांना जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकी राज्यातल्या कारखान्यांचं कोडं पडलं होतं: कधी पाळ्यांवर पाळ्या, कधी अर्धे कामगार घरी. त्यांनी वहीच्या पानावर साठा, ऑर्डर, कामगार असे रकाने आखले आणि पेन्सिलीने आठवड्यामागून आठवडा पुढे सरकवला. बाहेरची मागणी स्थिर धरली तरी आतली चढउतार थांबेना! दोष बाजाराचा नव्हताच. १९६० मध्ये शायकॉन आणि मॅफी यांनी हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीचं वितरण संगणकावर मांडलं. त्यातही मुख्य प्रश्न गोदामांचाच होता.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर बराच काळ कर खातंच देऊन टाकायचं. परराज्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर. स्वतःच्याच डेपोला माल पाठवला तर नाही. मग राज्यागणिक डेपो. भिवंडीत गोदामं वाढली त्यालाही मुंबईची जकात हे एक कारण होतंच. अंतर आणि मागणी यांचा विचार त्यानंतर.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि करासाठी डेपो ठेवायची गरज संपली. आता रायपूरचा डेपो मॉडेलमध्ये बंद करून बघता येतो: नागपूरहून निघालेला ट्रक पावसाळ्यात किती उशिरा पोचतो, आणि तोवर दुकानातलं फडताळ किती दिवस रिकामं राहतं.