दुचाकी अनुज्ञप्ती (भारत)

मोटारसायकल, स्कूटर किंवा मोपेड सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी लागणारा सरकारी परवाना. बोलण्यात त्याला लायसन्सच म्हणतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३ नुसार तो सक्तीचा असून त्याशिवाय गाडी चालवल्यास ५,००० रुपये दंड होतो.

गाडी विकत घ्यायला मात्र हा परवाना लागत नाही. शोरूममध्ये ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, नोंदणी शुल्क, एकरकमी कर आणि विमा एवढ्यावर गाडी नावावर होते. त्यामुळे कधीही हँडल न धरलेल्या आईच्या नावाची स्कूटर मुलगी चालवते, आणि त्यात बेकायदा काही नाही. अडचण विम्यात येते. नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीचा विमा, २०१८ पासून बंधनकारक आहे; पण मालकाने स्वतः चालवताना झालेल्या अपघातासाठीचे १५ लाखांचे संरक्षण त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच मिळते. शिवाय विनापरवाना माणसाच्या हाती गाडी देणारा मालकही दंडाला पात्र ठरतो.

लायसन्ससाठी किमान वय १८. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवण्याची सवलत कायद्यात आजही आहे. लुनासारख्या मोपेडच्या काळात तिला अर्थ होता; आता त्या क्षमतेच्या पेट्रोल गाड्या बाजारात जवळपास उरलेल्या नाहीत, म्हणून ही तरतूद कागदावरच राहिली आहे. ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणाऱ्या आणि २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या विद्युत दुचाकींना ठरावीक अटींवर परवाना, नोंदणी दोन्ही लागत नाही. कॉलेजच्या पोरांत त्या खपतात याचे एक कारण हेच.

आधी शिकाऊ लायसन्स काढावे लागते. वाहतुकीची चिन्हे व नियम यांवर संगणकीय चाचणी असते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के गुण पुरतात. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार क्रमांकाच्या आधारे ती घरबसल्या देता येते. ही सोय झाली खरी, पण समोर बसलेला उमेदवारच उत्तरे देतो आहे का, हा प्रश्नही तिच्याबरोबर आला. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते. या काळात गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा असतो आणि मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणाला बसवता येत नाही. हा दुसरा नियम पाळताना क्वचितच कुणी दिसते. तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. आरटीओच्या मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढणे हा तिचा सगळ्यांना ठाऊक असलेला भाग. तीनदा नापास झालेल्याला ६० दिवस थांबावे लागते.

दुचाकीचे वर्ग दोनच : बिनगिअरची आणि गिअरची. गिअरची १०० सीसीची गाडी चालवणारा त्याच लायसन्सवर हजार सीसीची गाडीही चालवू शकतो. युरोपीय संघात इंजिनाची शक्ती व चालकाचे वय पाहून टप्प्याटप्प्याने परवाने देतात, तशी पायरी भारतात नाही. ही या व्यवस्थेतली सर्वांत ठळक उणीव म्हणावी लागेल.

२०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन चालकाबाबत कायदा बराच कडक केला. मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. विनाहेल्मेट चालवल्यास १,००० रुपये दंड व तीन महिने लायसन्स निलंबन अशी तरतूद आहे.

भाड्याच्या दुचाकींनाही लायसन्सची अट लागू आहे. गोव्यात पर्यटकांना मिळणाऱ्या अशा गाड्यांची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. केवळ मोटारीचे लायसन्स असलेल्याला त्या चालवता येत नाहीत.