‘यामा डीएम कोठे शे?’ : टेबलावरचे रोल-प्लेइंग गेम, त्यांचे मारधाडीचे अवतार आणि चाहत्यांच्या शंकेची पार्श्वभूमी

खान्देशात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत पत्त्यांचे डाव बसतात, आणि एरवी पत्त्यांना हात न लावणारी माणसेही तेव्हा मांडी घालून बसतात. जळगावातल्या आमच्या ओळखीच्या सहा जणांनी एका आखाजीला पत्ते बाजूला ठेवून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या एकेका पात्राची भूमिका करत खेळायच्या खेळाचा डाव मांडला होता. वीस बाजूंचा फासा, झेरॉक्स काढलेल्या कॅरेक्टर शीट (पात्रांचे तक्ते), इंग्रजी नियम आणि बोलणे मात्र निम्मे मराठी, निम्मे अहिराणी, असा तो प्रकार होता. मध्ये चहा आला तेव्हा एकाने याच जातीच्या एका खेळावर बेतलेल्या नव्या व्हिडिओ गेमचा ट्रेलर मोबाइलवर दाखवला. दोन मिनिटे तलवारी, स्फोट आणि उडणारी शरीरे दिसली. ट्रेलर संपल्यावर डाव चालवणारा एवढेच म्हणाला, “पण यामा डीएम कोठे शे?” म्हणजे, यात डीएम कोठे आहे? प्रश्न अहिराणीत असला तरी त्यामागची शंका, टेबलावरचा खेळ पडद्यावर मारधाडीचा झाला की मूळ खेळच हरवतो ही, जगभरच्या चाहत्यांची आहे आणि ती जवळजवळ चार दशके जुनी आहे.

डीएम म्हणजे डंजन मास्टर. टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळात तो जग उभे करतो, खेळाडूंना सोडून बाकी सगळ्यांच्या भूमिका करतो आणि “मी असे करू का?” या प्रश्नाला उत्तर देतो. पुलावर पहारेकरी उभा असेल तर त्याला मारता येते, लाच देता येते, त्याच्या मालकाचा खोटा निरोप सांगता येतो किंवा पूल सोडून सरळ नदीत उतरता येते. यातले काय चालेल आणि त्यासाठी फाशावर किती पडायला हवेत, हे डीएम त्या क्षणी ठरवतो. आपल्याकडच्या तमाशातल्या वगाशी याचे नाते जोडता येईल. वगाची कथा ठरलेली असे, पण संवाद बहुतांशी उभ्याउभ्या रचले जात, आणि समोरच्या गावाचा अंदाज घेऊन सोंगाड्या ते वळवत नेई. तोच वग कॅसेटवर ऐकताना हसू येते, मात्र सोंगाड्या आपल्या गावाचे नाव घेणार नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते.

या खेळाचा उगमच युद्धात आहे, आणि चाहत्यांचा आक्षेप समजून घेताना ते विसरता कामा नये. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रशियात लष्करी अधिकाऱ्यांसाठी नकाशावरचा युद्धखेळ तयार झाला. त्यात निवाडा करणारा पंच होता, आणि डीएमचा मूळ पूर्वज तोच मानावा लागेल. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी अशाच एका युद्धखेळात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. त्या मंडळींतल्या डेव्ह अर्नेसन यांनी ही कल्पना जादू आणि भुयारांच्या जगात नेली. विस्कॉन्सिनमधले गॅरी गायगॅक्स यांच्याकडे ‘चेनमेल’ नावाचे मध्ययुगीन लढाईचे नियम तयार होते. या दोघांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, त्याची पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. त्या पुस्तिकांची बरीच पाने लढाईने व्यापलेली आहेत. त्यामुळे चाहत्यांना मारामारीचे वावडे आहे, असे जे अधूनमधून म्हटले जाते, ते खरे नाही. जळगावच्या त्या डावातही सहापैकी चार पात्रे हाणामारीसाठीच घडवलेली होती.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ संगणक यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी या खेळाच्या नकला लिहिल्या. त्यांतल्या एकीचे नाव ‘पेडिट५’ असे रुक्ष होते, कारण अभ्यासाच्या फायलींत ती लपून राहावी असा हेतू होता. तरीही ती सापडत असे आणि पुसली जात असे. १९८१ मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ आले आणि संगणकावरच्या रोल-प्लेइंग खेळांचा बाजार उभा राहिला. या संक्रमणात जे घडले ते पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. डीएमची कामे दोन असतात, हिशेब आणि निवाडा. फासे टाकणे, जखमांचे आकडे वजा करणे, राक्षसाची उरलेली ताकद लक्षात ठेवणे हा हिशेब संगणकाने आनंदाने उचलला, किंबहुना माणसापेक्षा चांगला केला. निवाडा मात्र त्याला जमण्यासारखा नव्हता, म्हणून तो आधीच लिहून ठेवलेल्या पर्यायांपुरता उरला. लढाईचे नियम आकड्यांत आधीच बांधलेले होते, वाटाघाटी आणि थापा तशा बांधलेल्या नव्हत्या. संगणकीय रूपांतर लढाईकडे झुकले ते निर्मात्यांच्या रक्तपिपासूपणामुळे नव्हे, याच कारणामुळे.

तरीही १९८८ पर्यंत निदान लढाई तरी बहुतेक खेळांत टेबलावरच्यासारखीच, पाळीपाळीने चालत होती. त्या वर्षी एसएसआय या कंपनीने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा अधिकृत परवाना घेऊन दोन खेळ बाजारात आणले, आणि शंकेचा खरा जन्म या जोडीत आहे असे आमचे मत आहे. पहिला ‘पूल ऑफ रेडियन्स’. सहा पात्रांचा गट, चौकटीच्या पटावर पाळीने चालणारी लढाई, आणि एक उजाड शहर हळूहळू मोकळे करण्याची मोहीम. दुसरा ‘हीरोज ऑफ द लान्स’, जो ब्रिटनच्या यूएस गोल्डसोबत केलेला होता. त्यातली आठ पात्रे टेबलावरच्या ‘ड्रॅगनलान्स’ साहसातली, चाहत्यांना नावानिशी ठाऊक असलेली. पण खेळ होता पडद्यावर डावीउजवीकडे पळत मारायचा, आणि एका वेळी आठांपैकी एकच जण पुढे होऊन लढे. ज्या पात्रांचे आपसांतले भांडण, संशय आणि प्रेम हेच त्या साहसाचे भांडवल होते, ती पात्रे इथे रांगेत उभ्या असलेल्या बदली खेळाडूंसारखी झाली. पहिल्या खेळाने मालिका सुरू केली. दुसरा, विशेषतः त्याची पुढे आलेली निन्टेन्डोवरची आवृत्ती, फसलेल्या खेळांच्या गप्पांत आजही निघतो. चाहत्यांनी त्यातून बांधलेला आडाखा साधा होता: नाव तेच, पात्रे तीच, आणि तरी खेळ तो नाही.

या आडाख्याला पहिला सणसणीत अपवाद जपानमधून आला. कॅपकॉमने नव्वदच्या दशकात याच परवान्यावर दोन आर्केड खेळ काढले, त्यांतला दुसरा ‘शॅडो ओव्हर मिस्टारा’ १९९६ चा. (त्या काळी जळगाव-भुसावळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्याला पोरे ‘मुस्तफा’ म्हणत, तो खेळही याच कंपनीचा आणि याच घाटाचा. त्यामुळे आमच्या पिढीला ही शैली शिकवावी लागत नाही.) हे दोन्ही खेळ सरळसरळ ठोसेबाजीचे होते, पण त्यांत, विशेषतः दुसऱ्यात, चोराला कुलपे उघडता येत, धर्मगुरूला भुतांना पिटाळता येई, जादूगाराचे मंत्र मोजके असत, आणि पुढची वाट कोणती घ्यायची हे खेळाडू मिळून ठरवत. संवाद जवळजवळ नव्हता. तरी चाहत्यांनी ते डोक्यावर घेतले आणि २०१३ मध्ये ते नव्या यंत्रांसाठी पुन्हा काढावे लागले. आठ आण्यांच्या नाण्यात कोणी अख्ख्या मोहिमेची अपेक्षा करत नाही, हे यामागचे एक कारण असावे. त्या खेळाने चार जणांच्या टोळीची मजा उचलली आणि बाकी काही दिल्याचा आव आणला नाही.

त्यानंतर बाजारच बदलला. १९९६ च्या अखेरीस आलेला ‘डायब्लो’ मुळात पाळीपाळीने चालणारा खेळ म्हणून आखला गेला होता. तो चालू वेळेत करावा असा आग्रह प्रकाशकाने धरला, आणि तसे करून पाहिल्यावर त्याची निर्मिती करणाऱ्या डेव्हिड ब्रेव्हिक यांनाही ते पटले. त्याच्या यशाने प्रकाशकांना गणित मिळाले. १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’ने मधली वाट काढली. लढाई वाहती दिसे, पण आत सहा-सहा सेकंदांच्या फेऱ्या मोजल्या जात आणि हवे तेव्हा खेळ थांबवून हुकूम देता येई. चाहत्यांना हे मान्य झाले, कारण विचार करायला उसंत होती आणि सोबती बोलत होते. मग २००१ मध्ये प्लेस्टेशन २ साठी ‘बाल्डर्स गेट: डार्क अलायन्स’ निघाला. तीन तयार पात्रांतून एक निवडायचे आणि बटणे बडवत पुढे जायचे. नाव वापरल्याबद्दल जुन्या चाहत्यांची कुरकुर झाली, पण एका सोफ्यावर बसून दोघांनी खेळायचा खेळ म्हणून तो नावाजला गेला.

इथे आणखी एक कारण नोंदवले पाहिजे, कारण त्याची चर्चा कमी होते. टेबलावर अडखळत बोलणारा माणूस गोडबोल्या भाट होऊ शकतो आणि हात थरथरणारा म्हातारा चपळ चोर होऊ शकतो, कारण यश त्याच्या अंगावर नव्हे, पात्राच्या आकड्यांवर आणि फाशावर ठरते. मारधाडीच्या खेळात हे उलटते. तिथे चपळाई खेळाडूच्या अंगठ्याची लागते. जळगावच्या त्या मंडळीतला सगळ्यांत धूर्त खेळाडू निवृत्त शिक्षक आहे. त्याला कंट्रोलर दिला तर तो पहिल्याच गॉब्लिनकडून मरतो, आणि हे तो स्वतः हसून सांगतो. ‘आमचा खेळ आमच्याकडून काढून घेतला’ या तक्रारीचा हा अगदी शब्दशः अर्थ आहे.

ही तक्रार सर्वांत तीव्र झाली ती २००७ मध्ये. ‘शॅडोरन’ हा १९८९ चा टेबलावरचा खेळ. त्यात भविष्यातल्या शहरांत बड्या कंपन्या राज्य करतात, एल्फ आणि ट्रोल रस्त्यावर फिरतात, आणि भाडोत्री टोळ्या संगणकजाळ्यात शिरून चोऱ्या करतात. त्याचा प्राण म्हणजे बेत आखणे. मायक्रोसॉफ्टच्या फासा स्टुडिओने या नावाने जो खेळ काढला तो मात्र निव्वळ गटागटांत खेळायचा बंदुकबाजीचा होता. त्यात कथेची मोहीम नव्हती आणि संगणकजाळेही नव्हते. बंदुकबाजीचा खेळ म्हणून त्यात जमेच्या बाजू होत्या. टेलिपोर्टसारख्या जादूने लढतीला आलेली रंगत, आणि एक्सबॉक्सवरचे व संगणकावरचे खेळाडू समोरासमोर आणण्याची त्या काळी नवी असलेली सोय, या दोन्ही गोष्टी निःपक्षपाती माणसाने मान्य कराव्यात. पण ज्यांच्यासाठी ते नाव घेतले होते त्यांनीच पाठ फिरवली, आणि त्याच वर्षी स्टुडिओ बंद झाला. पाच वर्षांनी मूळ खेळाचे एक निर्माते जॉर्डन वाइसमन यांनी पाळीपाळीने चालणाऱ्या, संवादप्रधान ‘शॅडोरन’साठी लोकांकडून थेट चार लाख डॉलर मागितले. जमले अठरा लाखांहून अधिक. शंका व्यक्त करणारे लोक बोलतात, पण पैसे मोजत नाहीत, या प्रकाशकांच्या समजाला त्या रकमेने दिलेले उत्तर पुरेसे बोलके होते.

२०११ चा ‘डॅगरडेल’ इथे केवळ नोंदीपुरता. मारधाड, घाईची बांधणी, नापसंती.

२०२१ चा ‘डार्क अलायन्स’ मात्र वेगळा, कारण तो खुद्द हक्कधारक विझर्ड्स ऑफ द कोस्टने २०१९ मध्ये विकत घेतलेल्या माँट्रियलच्या ट्यूक गेम्सकडून आला. परक्या परवानाधारकाला खेळाचा आत्मा समजला नाही, हे जुने समर्थन आता उपलब्ध नव्हते. ड्रिझ्टसह चार लाडकी पात्रे त्यात होती. पण एकट्याने खेळल्यास सोबती मिळत नसत, संवादाचे पर्याय नव्हते, शत्रूंची हालचाल ठोकळ्यासारखी होती, आणि २००१ च्या खेळाची खरी पुण्याई असलेली एकाच पडद्यावर दोघांनी खेळण्याची सोय प्रकाशनाच्या वेळी नव्हती. म्हणजे टेबल तर गेलेच, सोफाही गेला. समीक्षा थंड आल्या, आणि १९८८ पासूनचा आडाखा नव्या पिढीच्या तोंडी बसला.

शंका दर वेळी खरी ठरली असे मात्र नाही. माइक पॉन्डस्मिथ यांच्या १९८८ च्या ‘सायबरपंक’ या टेबल खेळावरचा व्हिडिओ गेम पात्राच्या डोळ्यांतून दिसणार, हे २०१८ मध्ये कळले तेव्हा ‘शॅडोरन’चे भूत अनेकांना आठवले. २०२० च्या डिसेंबरात तो सदोष अवस्थेत आला आणि गाजला, तो दोषांमुळे. पुढे दुरुस्त्यांनंतर लोकांनी त्याची कथा आणि पात्रे उचलून धरली, आणि पात्राच्या डोळ्यांतून पाहण्याचा आक्षेप फारसा कोणी काढला नाही. दुसऱ्या टोकाला, ‘बाल्डर्स गेट ३’ पाळीपाळीने चालणार म्हटल्यावर जुन्या मालिकेच्या काही चाहत्यांनी वाहती लढाई गेल्याबद्दल तक्रार केली होती. शंकेलाही सवय असते ती अशी. लॅरियन स्टुडिओचा तो खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये आला, त्याने वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचे मोठे पुरस्कार घेतले. वीस बाजूंचा फासा पडद्यावर गडगडताना दिसणे आणि एका निवेदिकेचा आवाज डीएमसारखा कानाशी बोलणे, या दोन गोष्टींचे कौतुक टेबलावरच्या मंडळींनी विशेष केले.

ताजे प्रकरण ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’चे. १९९१ च्या या टेबल खेळात पात्र कोणत्या कुळाचे, यावर त्याचा सगळा स्वभाव ठरतो. २००४ च्या ‘ब्लडलाइन्स’ची लढाई कच्ची होती, तरी संवादांसाठी तो वीस वर्षे टिकला. त्याचा दुसरा भाग २०१९ मध्ये जाहीर झाला, मधल्या काळात स्टुडिओ बदलला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो आला तेव्हा त्यात नायक ठरलेला होता, पात्राचा तक्ता आटलेला होता आणि लढाईला वजन वाढले होते. प्रकाशनापूर्वी दोन कुळे वेगळ्या पैशांत विकण्याचा बेत उघड झाला आणि इतका विरोध झाला की ती मूळ खेळातच द्यावी लागली.

त्या आखाजीच्या डावातले सहापैकी दोघे टेबलावर आले ते आधी पडद्यावर ‘बाल्डर्स गेट ३’ खेळून. पहिल्याच बैठकीत त्यांतला एक बराच वेळ गप्प होता. त्याला वाटत होते की पर्यायांची यादी कोणी तरी वाचून दाखवील. डीएमने त्याच्याकडे पाहून नुसते विचारले, “मग, काय करस तू?”