प्रत्यर्पण म्हणजे हद्दपारी नव्हे

आधी शब्द नीट लिहू या. प्रति अधिक अर्पण म्हणजे प्रत्यर्पण: एका देशाने आरोपीला दुसऱ्या देशाच्या हाती सोपवणं. ‘प्रत्यार्पण’ ही चूक आहे आणि मोठमोठ्या दैनिकांच्या मथळ्यांत ती वर्षानुवर्षं छापली जाते. शुद्धलेखनाची चूक एक वेळ पोटात घालता येईल. पण प्रत्यर्पणाच्या जागी ‘हद्दपारी’ लिहिलं की बातमीचा अर्थच बदलतो, आणि ते मला अजिबात चालत नाही.

हद्दपारी आपल्याला चांगली ठाऊक आहे. सण किंवा निवडणूक जवळ आली की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 55 ते 57 या कलमांखाली गुंडांना जिल्ह्याबाहेर काढतात. ती तडीपारी, जास्तीत जास्त दोन वर्षांची. देशातून डिपोर्ट करण्यामागचा विचारही तोच: तू इथे नकोस, चालता हो. फक्त ते परक्या नागरिकाच्या बाबतीत होतं.

खरी मेख पुढे आहे. डिपोर्ट करताना सरकार स्वतःपुरतं एकच बघतं: या माणसाला आपल्याकडे राहायचा हक्क आहे का? त्यासाठी दुसऱ्या देशाने त्याला मागावं लागत नाही, त्याने कुठे गुन्हा केलेला असावा लागत नाही. प्रत्यर्पणात त्या माणसाचा व्हिसा अगदी ठणठणीत असू शकतो. तिथे दुसरा देश म्हणतो, ‘अमुक गुन्ह्यासाठी हा आम्हाला हवा आहे’, आणि मग तपासायचं ते हे, की त्या गुन्ह्यासाठी याला सोपवता येतं का. ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा आहे का, मागणीआड राजकारण आहे का, तिकडच्या तुरुंगात याला माणसासारखं वागवतील का.

बँकांची कर्जं बुडवल्याचा आरोप असलेला उद्योगपती विजय मल्ल्या, त्याचं प्रकरण यासाठी तोंडपाठ असावं. तो मार्च 2016 मध्ये इंग्लंडला गेला. एप्रिलमध्ये भारताने त्याचा पासपोर्ट रद्द केला आणि ब्रिटनला कळवलं, याला डिपोर्ट करा. मे महिन्यात उत्तर आलं: आमच्या 1971 च्या कायद्याप्रमाणे, राहण्याची परवानगी देताना पासपोर्ट वैध असेल तर तो नंतर रद्द झाला तरी बिघडत नाही, हवं तर प्रत्यर्पण मागा. म्हणजे भारताने आधी चुकीचं दार ठोठावलं होतं. योग्य दार फेब्रुवारी 2017 मध्ये ठोठावलं, आणि मग लंडनच्या वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टात विषय कुठवर गेला? थेट आपल्या आर्थर रोड तुरुंगापर्यंत. मल्ल्याला जिथे ठेवणार त्या 12 नंबरच्या बराकीत उजेड येतो का, हवा खेळती आहे का यावर वाद झाला आणि न्यायाधीशांनी तिथला व्हिडिओ मागवून पाहिला. कोर्टाने डिसेंबर 2018 मध्ये भारताच्या बाजूने निकाल दिला, फेब्रुवारी 2019 मध्ये ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी प्रत्यर्पणाच्या आदेशावर सही केली, एप्रिल 2020 मध्ये तिथल्या हायकोर्टाने मल्ल्याचं अपील फेटाळलं. तरीही ‘ब्रिटन मल्ल्याला हद्दपार का करत नाही’ असं विचारणारे भेटतातच!

माणूस हाती आल्यावरही फरक संपत नाही, आणि नेमकं हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रत्यर्पणाने आणलेल्या माणसाबरोबर अटी येतात. अबू सालेमला पोर्तुगालने नोव्हेंबर 2005 मध्ये सोपवलं, ते फाशी देणार नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त काळ तुरुंगात ठेवणार नाही, अशी हमी भारत सरकारकडून घेऊनच. पुढे 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात त्याला 2017 मध्ये जन्मठेप झाली, पण सुप्रीम कोर्टाने जुलै 2022 मध्ये स्पष्ट सांगितलं की 25 वर्षं भरल्यावर केंद्राने तो शब्द पाळलाच पाहिजे. शिवाय आपल्याच 1962 च्या प्रत्यर्पण कायद्याचं कलम 21 सांगतं, की ज्या गुन्ह्यासाठी माणूस सोपवला गेला त्याखेरीज दुसरा खटला त्या देशाच्या संमतीशिवाय त्याच्यावर चालवता येत नाही. सालेमवरची काही कलमं सीबीआयला मागे घ्यावी लागली ती याच पेचामुळे. ‘बॉम्बस्फोटातल्या आरोपीला एवढी सवलत कशाला?’ हा संताप मला समजतो. पण ती सवलत नाही, ती किंमत आहे. ती मोजली नसती तर तो लिस्बनमध्येच राहिला असता.

‘शेवटी माणूस आला ना, मग प्रत्यर्पण काय नि हद्दपारी काय?’ असंही ऐकतो. तहव्वूर राणाचं बघा. तो कॅनडाचा नागरिक. अमेरिकेत शिकागोच्या ज्युरीने 2011 मध्ये 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून त्याला सोडलं होतं, तेव्हा त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा भारताकडे कसं देता, हा त्याचा मुख्य युक्तिवाद. तो खोडून काढत, वरपर्यंतची कोर्टं पार करत एप्रिल 2025 मध्ये त्याला दिल्लीत उतरवलं. अमेरिकेने त्याला नुसतं डिपोर्ट केलं असतं तर एवढा युक्तिवाद झालाच नसता, आणि तो बहुधा दिल्लीला नाही, कॅनडाला पोचला असता.