ताडोबा सफारी : परवाना, ओळखपत्र आणि गेटवर होणारे घोळ

ताडोबा पाहायला वेगळी पात्रता लागत नाही, परवाना मात्र लागतोच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972च्या कलम 28 मध्ये पर्यटनासाठी प्रवेश परवान्याची तरतूद आहे. व्यवहारात हा परवाना म्हणजे वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर केलेलं सफारीचं बुकिंग.

आधी कोअर (जंगलाचा गाभा) की बफर (त्याभोवतीचा पट्टा) ते ठरवा, मग गेट, तारीख आणि सकाळची की दुपारची फेरी. गेट नीट बघून घ्या. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, तर कोलारा आणि नवेगाव चिमूरकडे. परवाना त्याच गेटचा आणि त्याच फेरीचा असतो. मुक्काम कोलाऱ्याला आणि बुकिंग मोहर्लीचं, असं झालं की जंगलाबाहेरून मोठा वळसा पडतो आणि सकाळची फेरी हातची जाते. कोअर दर मंगळवारी बंद असतं, शिवाय पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर. बफरची काही गेटं तेव्हाही सुरू असतात.

खरा घोळ होतो तो नावांच्या रकान्यात. एका जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक बसतात. चालक आणि गाइड वेगळे. प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक भरावा लागतो. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट, यातलं काहीही चालतं, पण जे भरलं तेच सोबत हवं, आणि तेही मूळ. पॅनचा क्रमांक भरून गेटवर आधार पुढे केलं तर ताळा बसत नाही. झेरॉक्स किंवा फोनमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नका. परवाना नावावर असतो, त्यामुळे काकांचं ऐनवेळी रद्द झालं म्हणून त्यांच्या जागी मेहुण्याला बसवता येत नाही. पैसे भरण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तरी क्रमांक मोठ्याने वाचून घ्या. आधारचे बारा आकडे टंकताना एखादा हमखास इकडचा तिकडे होतो.

परवान्याची छापील प्रत आदल्या संध्याकाळीच काढून ठेवा. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, गेटवर तो जमा करावा लागतो. कॅमेरा चालतो, त्याचं शुल्क लागू असेल तर बुकिंगच्या वेळीच तपासा. वेळ बघायला मनगटी घड्याळ असू द्या.

आत गेल्यावर जिप्सीतून उतरायचं नाही, प्राण्याला खायला टाकायचं नाही. वाघ दिसला म्हणून चालकाला 'अजून थोडी पुढे घे' असा लकडा लावू नका. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वन्यप्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर राखायचं असतं, आणि ते मोडलं तर कारवाई गाइड-चालकांवरही होते. काडेपेटी, लायटर खोलीवरच ठेवा. जंगलात आग पेटवणं वन्यजीव अधिनियमाच्या कलम 30 खाली गुन्हा आहे, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या बांबूला एक ठिणगी पुरते.