मेलॉडिक टेक हाऊस आणि टेक्नो : नव्या रिलीजमागची पार्श्वभूमी

स्वतंत्र लेबलचं, म्हणजे स्वतःच्या बळावर चालणाऱ्या छोट्या संगीत कंपनीचं, नवं मेलॉडिक रिलीज (क्लबच्या ठेक्यावर लांब धुना असलेलं टेक हाऊस किंवा टेक्नो) उघडलं की साचा ओळखीचा असतो. दोन मूळ ट्रॅक, दुसऱ्या कुणाचा एक रिमिक्स, कधी त्याच ट्रॅकचं जास्त रिकामं ठेवलेलं रूप. प्रत्येक ट्रॅक सहा-सात मिनिटांचा आणि पहिलं मिनिटभर नुसता किक (ड्रमचा जड ठोका) नि हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज). पुण्यात कोथरूड किंवा विमाननगरच्या खोलीत हेडफोनवर हे संगीत ऐकायला लागलेला मुलगा ते पहिलं मिनिट ओलांडून पुढे जातो. स्वतः ट्रॅक करायला बसतो तेव्हा मात्र त्याच मिनिटापाशी अडतो. तिथे काय ठेवायचं आणि किती ठेवायचं, याची उत्तरं तबकडीच्या काळात ठरलेली आहेत.

1976 मध्ये न्यूयॉर्कच्या साल्सोल कंपनीने 12 इंची सिंगल पहिल्यांदा दुकानात विकायला आणली. मोठ्या तबकडीवर खाचा रुंद कापता येतात, म्हणून बेस जोरात बसतो. मिनिटाला 45 फेऱ्यांच्या वेगाला एका बाजूवर दहा-बारा मिनिटं मावतात. त्याहून जास्त कोंबली तर आवाज खाली आणावा लागतो. म्हणजे एका बाजूला एक किंवा दोन ट्रॅक. आजच्या ईपीची (दोन-चार ट्रॅकच्या छोट्या रिलीजची) लांबी इथून आली. आतल्या वर्तुळांकडे जाताना सुईखालून तबकडी कमी वेगाने सरकते आणि हाय-हॅट खरखरीत वाजू लागतात, म्हणून सगळ्यात दणदणीत ट्रॅक पहिल्या बाजूच्या बाहेरच्या कडेला ठेवत. डिजिटल ईपीमध्ये सुई नाही, तरी जोरकस ट्रॅक अजूनही पहिलाच येतो.

बेसचंही तसंच. डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा पसरलेला बेस सुईला वरखाली उडवतो, म्हणून तबकडी कापण्याआधी साधारण 120 हर्ट्झच्या खालचा भाग मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच, करत. हा नियम आजही पाळावा, कारण बऱ्याच क्लबांत सब-वूफर मोनोच चालतात. लॅपटॉपवर रुंद आणि भारदस्त वाटणारा सिंथ-बेस तिथे दोन्ही बाजू एकमेकींना खोडून गायब होतो. नवख्यांच्या ट्रॅकमध्ये ही चूक आम्हाला सगळ्यात जास्त दिसते.

पहिल्या मिनिटाचा हिशेब सोपा आहे. 124 बीपीएमला (मिनिटाला 124 ठोक्यांना) चार ठोक्यांचा एक बार 1.94 सेकंदांचा, म्हणजे 32 बार जवळपास 62 सेकंद. दोन तबकड्या हाताने जुळवणाऱ्या डीजेला तेवढा अवधी लागतो, आणि त्या अवधीत दोन धुना एकमेकींवर आदळू नयेत म्हणून सुरुवात सुरांविना ठेवायची. 192 बारांचा ट्रॅक जवळपास 6 मिनिटं 12 सेकंदांचा होतो. इतके ट्रॅक सहा मिनिटांच्या थोडे पुढे का संपतात, ते यावरून कळेल.

संगीताची दोन मुळं अमेरिकेतली. शिकागोत वेअरहाऊस क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स वाजवत होता, त्यातून हाऊस आलं. डेट्रॉइटला हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन यांनी टेक्नो घडवलं. अ‍ॅटकिन्सचं मेट्रोप्लेक्स हे लेबल 1985 चं, मे यांचं ट्रान्समॅट 1986 चं. मोठ्या कंपन्या दारात उभं करत नव्हत्या, म्हणून स्वतःच लेबल काढायचं. रोलँडची 808 आणि 909 ही ड्रम मशीन तेव्हा सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळत. या दोन गोष्टींनी स्वतंत्र लेबल ही या संगीताची मूळ सवय केली.

याच काळातली एक नोंद मराठी वाचकाने जरूर ठेवावी. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये 808, 303 (बेस वाजवणारं यंत्र) आणि ज्युपिटर-8 (सिंथेसायझर) घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्याच 303 च्या चिरक्या बेसवर उभ्या राहिलेल्या शिकागोच्या अ‍ॅसिड हाऊसची पहिली तबकडी 1987 ची. सिंग यांची तबकडी फारशी खपली नाही, 2010 मध्ये एका डच लेबलने ती पुन्हा काढली आणि तेव्हा जगाने कान टवकारले. शिकागोच्या मंडळींनी ती ऐकली होती असं मानायला आधार नाही. तीच यंत्रं दोन ठिकाणी पोचली आणि जवळच्या वाटांनी गेली, इतकंच. पण हेही थोडं नाही.

टेक हाऊस लंडनमध्ये नव्वदच्या दशकाच्या मध्याला रुजलं : टेरी फ्रान्सिस आणि नेथन कोल्स यांच्या विगल पार्ट्या, मिस्टर सी यांचा 1995 मध्ये उघडलेला द एंड क्लब. हाऊसचा झोका ठेवायचा, गाणं काढून टाकायचं आणि वर टेक्नोचे कोरडे आवाज. झोका म्हणजे बारच्या सोळा भागांतला प्रत्येक दुसरा ठोका किंचित उशिरा पाडणं. सिक्वेन्सरवर (ठोके मांडायच्या यंत्रावर) 50 टक्के म्हणजे सरळ ठेका, 54 ते 58 टक्के एवढा झोका पुरतो; 62 च्या पुढे ठेका लंगडायला लागतो.

नव्वदच्या अखेरीस मिनिमलचा, म्हणजे मोजक्याच आवाजांच्या टेक्नोचा, जोर होता. रिची हॉटिनचं मायनस हे लेबल 1998 चं, कोलोनचं कोम्पाक्टही त्याच वर्षीचं. कोम्पाक्टने मात्र सूर सोडले नाहीत. पुढे जेम्स होल्डनचं बॉर्डर कम्युनिटी (2003), बर्लिनचं इनरव्हिजन्स (2005), हॅम्बर्गला सोलोमुनचं डायनॅमिक (2006) ही लेबलं आली आणि किकच्या वर लांब, उदास धुना परत आल्या.

धुना इतक्या उशिरा का आल्या, याचं एक कारण आमच्या मते यंत्रात आहे. टर्नटेबलवर वेग वाढवला की सूरही चढतो. 6 टक्के वेगाला जवळपास अर्धा स्वर. 124 चा ट्रॅक 128 ला नेला तर पाव स्वराचा फरक पडतो, आणि सवाई गंधर्व महोत्सवाला बसणाऱ्या कानाला दोन धुनांमधला तो बेसूरपणा लगेच टोचेल. नुसत्या ठेक्याच्या तबकड्यांना ही अडचण नव्हती. डिजिटल प्लेअरवर सूर न हलवता वेग बदलायची सोय रुळली आणि धुनांवर धुना जोडणं शक्य झालं.

2016 मध्ये टेल ऑफ अस या जोडीने आफ्टरलाइफ हे लेबल काढलं, 2018 मध्ये बीटपोर्टने (डीजेंसाठीच्या ऑनलाइन संगीत दुकानाने) मेलॉडिक हाऊस आणि टेक्नोचा वेगळा विभाग केला. लहान लेबलांना त्यामुळे व्यासपीठ मिळालं. तोटाही झाला : चार्टच्या वरच्या ट्रॅकचाच आर्पेजिओ (एकामागून एक वाजणाऱ्या सुरांची माळ), तोच लांब ब्रेकडाउन (ठेका थांबणारा भाग) दर आठवड्याला येऊ लागला.

पुण्यात हे संगीत आलं त्याला गोव्याची वाट जवळची होती. कोरेगाव पार्कचा ओशो आश्रम 1974 चा, आणि तिथले परदेशी पाहुणे गोव्यालाही जात-येत. 2010 मध्ये एनएच7 वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यातच सुरू झाला. सनबर्न हा नृत्यसंगीताचा महोत्सव 2016 ते 2018 पुणे परिसरात झाला, त्यातला पहिला केसनंदला. रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नको, हा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. त्यामुळे इथला उघड्यावरचा कार्यक्रम दुपारी चारला सुरू होऊन दहाला आवरतो. 120-122 चे सुरेल ट्रॅक त्या संध्याकाळच्या वेळेला फार छान बसतात. 130 च्या पुढचं काही वाजवायला रात्रच उरत नाही.

इथल्या निर्मात्यांना रागाचा मोह होतो, आणि तो वाईट नाही. मेलॉडिक टेक्नोतला नेहमीचा मायनर म्हणजे आसावरी थाटाचेच सूर. किरवाणी म्हणजे हार्मोनिक मायनर. बिघडतं ते बेसमुळे. बेस षड्जावर टिकून असेल तर वरची बढत रागाची वाटते. तोच बेस चार बार कोमल धैवतावर गेला की कान धैवतालाच षड्ज मानू लागतो आणि राग विरतो. पट्टीही जपून निवडावी. खालचा ए 55 हर्ट्झचा, एफ 43.7 चा, डी 36.7 चा. शहरातल्या लहान क्लबांचे बरेच स्पीकर 40 च्या खाली फारसं देत नाहीत, म्हणून डी मधला सब (सगळ्यात खालचा बेस) तिथे ऐकूच येत नाही.

रिलीज पाठवताना मिक्समध्ये वर 6 डेसिबलची मोकळी जागा सोडून 24 बिट वेव्ह फाइल मास्टरिंगला (आवाजाच्या अखेरच्या घडणीला) द्यावी. क्लबसाठीचा मास्टर उणे 8 एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या जोराचं माप) आसपास असतो. स्पॉटिफाय तो उणे 14 पर्यंत खाली आणतं, त्यामुळे जास्त दाबून काही मिळत नाही, किक मात्र चपटी होते. प्रत्येक ट्रॅकला 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाची ओळख) लागतो. भारतात त्याचं काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था पाहते. संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व वेगळं घ्यावं लागतं. वितरकाकडे सगळं चार ते सहा आठवडे आधी द्यावं, म्हणजे प्रोमो (आगाऊ प्रती) डीजेंच्या हाती वेळेत पडतात. आणि रिमिक्स मागवताना मोबदला एकरकमी की विक्रीतला वाटा, आणि मास्टरची मालकी कुणाची, हे स्टेम (ट्रॅकचे सुटे भाग) पाठवण्याआधी लिहून घ्यावं. लहान लेबलांत सगळ्यात जास्त भांडणं याच कागदावरून होतात.