आयडाहो आणि केंटकी : एकाच दिवशी कौल, पण प्रश्न वेगळे

८ नोव्हेंबर २०२२ला अमेरिकेतल्या या दोन राज्यांत मतदारांपुढे आपापल्या राज्याच्या घटनेतली दुरुस्ती होती. वरवर विषय एकच : गव्हर्नरने बोलावलं नाही तरी विधिमंडळाला विशेष अधिवेशन भरवता यावं का? आयडाहोने होकार दिला, केंटकीने नकार. त्यावरून एका राज्याचा आमदारांवर विश्वास आहे आणि दुसऱ्याचा नाही, असं म्हणणं घाईचं होईल.

तिथला गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला आणि प्रत्यक्ष कारभार चालवणारा असतो. आपले राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने अधिवेशन बोलावतात, तसं तिथे नाही. म्हणजे ज्याला जाब विचारायचा, त्याच्याच बोलावण्याची वाट पाहायची. कोविडच्या काळात हे दोन्ही राज्यांत फार बोचलं. आयडाहोचं प्रतिनिधीगृह तर २०२१चं अधिवेशन संपवायलाच तयार होईना, कारण एकदा संपलं की स्वतःहून परत जमता येत नव्हतं. ते ३११ दिवस चाललं, राज्याच्या इतिहासातलं सर्वांत लांब.

आयडाहोची दुरुस्ती आटोपशीर होती. दोन्ही सभागृहांतल्या किमान ६० टक्के सदस्यांनी, म्हणजे ७०पैकी ४२ प्रतिनिधींनी आणि ३५पैकी २१ सिनेटरांनी, लेखी मागणी करायची. विषय त्यातच लिहायचे आणि कायदेही त्यांवरच करायचे. ती जेमतेम ५२ टक्के मतांनी मंजूर झाली.

केंटकीत मात्र एकाच प्रश्नात दोन बदल गुंफले होते. विशेष अधिवेशन सिनेटचे अध्यक्ष आणि प्रतिनिधीगृहाचे सभापती, असे दोघेच मिळून बोलावणार. वर्षाला १२ दिवसांपर्यंत. बाकीच्यांच्या सह्यांची गरज नाही. शिवाय नियमित अधिवेशन विषम वर्षी ३० मार्चपर्यंत आणि सम वर्षी १५ एप्रिलपर्यंत संपवण्याचं बंधन घटनेतून काढायचं होतं. कामकाजाचे दिवस ३० आणि ६०च राहिले असते, पण ते वर्षभर पसरता आले असते आणि तीन पंचमांश मतांनी वाढवताही आले असते. मला हा दुसरा बदल जास्त गंभीर वाटतो. अर्धवेळ आमदारकी करून आपला व्यवसाय सांभाळणाऱ्याला ठरलेली शेवटची तारीख हाच आधार असतो. ती गेली, तर वर्षभर मोकळीक असलेल्यांनाच ही आमदारकी परवडेल.

सुमारे ५४ टक्के मतदारांनी ही दुरुस्ती नाकारली. त्यामुळे केंटकीत जुनाच नियम कायम राहिला : मुदत संपली की पुन्हा बोलावणं गव्हर्नरच्याच हाती.