प्रयोगशाळेतलं सूत्रकृमी संवर्धन
सूत्रकृमी म्हणजेच निमॅटोड. त्यातले बरेचसे पिकांच्या मुळांवर जगतात. असे कृमी संशोधनासाठी मुद्दाम वाढवणं आणि जिवंत ठेवणं याला सूत्रकृमी संवर्धन किंवा सरळ ‘कल्चर’ म्हणतात. कोल्हापूरकडं शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात टोमॅटो, वांगी नाहीतर पॉलिहाऊसमधली ढोबळी उपटली की मुळांना ज्या गाठी दिसतात त्या मेलॉयडोगायनी या सूत्रकृमीच्या. कुठलं वाण त्याला टिकतंय, कुठलं औषध लागू पडतंय हे बघायचं तर आधी हीच कीड भरपूर आणि शुद्ध हाताशी पाहिजे, कारण शेतातली माती थेट वापरली तर तिच्यात इतर सूत्रकृमी आणि बुरशाही असतात, मग रोप नक्की कशानं वाळलं ते कळायचंच नाही.

अडचण अशी की हा जीव जिवंत मुळाशिवाय खातच नाही. जिवाणूसारखा नुसत्या आगरवर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या खाद्यावर, तो वाढत नाही, म्हणून कुंडीतला टोमॅटो हाच त्याचा गोठा. वाण पुसा रुबीसारखं लवकर बळी पडणारं लागतं, प्रतिकारक वाण चुकून आलं तर महिना-दीड महिना पाणी घालून हाताला काही लागत नाही. पंचगंगाकाठची काळी माती चिकट, धुताना बारीक मुळं तुटतात, म्हणून वाळू जास्त आणि माती कमी असं मिश्रण ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या भांड्यात) १२१ अंशांवर निर्जंतुक करून घेतलेलं बरं.

सगळ्यात जिवाला जपायचं काम म्हणजे अंडीपुंज उचलणं. मादी गाठीवर जेलीसारख्या चिकट पिशवीत काही शे अंडी घालते. मोहरीहून बारीक, आधी पांढुरका मग तपकिरी ठिपका, तो स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली सुईनं अलगद सोडवायचा आणि रोपाच्या मुळाशी ठेवायचा. मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा या जातीच्या मादीला नर लागत नाही, त्यामुळं एका पुंजापासून सुरू केलेलं कल्चर म्हणजे एकाच आईची लेकरं! जात पक्की करायला मादीच्या मागच्या टोकाच्या कातडीवरच्या रेषा बघतात, बोटाच्या ठशासारख्या असतात त्या.

२५ ते २८ अंशांत साधारण चार आठवड्यांत एक पिढी होते, दोनेक महिन्यांत मुळं गाठींनी भरतात. मग मुळं धुऊन, बारीक कापून सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात काही मिनिटं हलवतात, जेली विरघळते आणि सुटी अंडी बारीक चाळणीवर धरून लगेच पाण्यानं भरपूर धुतात, ही पद्धत हसी आणि बार्कर या संशोधकांनी १९७३ साली दिली. उबलेली पिल्लं, म्हणजे दुसऱ्या अवस्थेतली, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतात आणि मुळात शिरतात तीच. खोल पाण्यात ती गुदमरतात, त्यामुळं पाण्याचा थर उथळ ठेवायचा नाहीतर फिशटँकचा एअर पंप लावायचा.

केळीच्या मुळांत बोगदे करणारा रॅडोफोलस हा दुसरा सूत्रकृमी मात्र निर्जंतुक गाजराच्या चकत्यांवर अंधारात छान वाढतो, आणि बुरशी खाणारे काही सूत्रकृमी बुरशीच्या प्लेटवरच पोसतात.

कल्चर दर दोन-तीन महिन्यांनी नव्या रोपावर न्यावंच लागतं. मे महिन्यात दोन दिवस पाणी चुकलं आणि रोप वाळलं तर वर्षभराची मेहनत त्याच्याबरोबर जाते, मला तरी यात हेच जास्त लागतं. कुंड्या जमिनीवर न ठेवता बाकावर ठेवायच्या आणि धुतलेलं पाणी, वापरलेली माती, मुळं उकळल्याशिवाय नाहीतर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय गटारीत किंवा उसाच्या बांधाला कधीच टाकायची नाहीत.